घरगुती दिव्याला अ‍ॅडाप्टरच हवा
एलईडी पट्टी लावून घरी तयार केलेला आकाशकंदील बहुधा १२ व्होल्ट दिष्ट, म्हणजेच डीसी, प्रवाहावर चालतो. भिंतीवरील सॉकेटमध्ये मात्र २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजेच एसी, प्रवाह असतो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे अ‍ॅडाप्टर. त्यातील रोहित्र विजेचा दाब उतरवते, तसेच दिव्याच्या तारा मुख्य वीजवाहिनीपासून विलग ठेवते. खर्च वाचवण्यासाठी काही जण अ‍ॅडाप्टरऐवजी नुसता कपॅसिटर जोडतात. दिवा लागतो, परंतु तारा मुख्य वाहिनीशी जोडलेल्याच राहतात आणि उघड्या टोकाचा स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. पट्टीला १ अँपिअर प्रवाह लागत असल्यास १२ व्होल्ट, १.५ अँपिअर क्षमतेचा प्रमाणित अ‍ॅडाप्टर निवडावा. धन-ऋण टोके तपासून, जोड झाकून मगच बटण सुरू करावे.