घरच्या मासे-भाजीच्या जोडशेतीला पंप आणि पिंपं: स्वस्तात काय घ्यावं, कशाला हात लावू नये

ॲक्वापोनिक्स म्हणजे खाली मासे, वर भाजी. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं खडीवर वाढणारे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ते भाजीला खत म्हणून मिळतं आणि स्वच्छ झालेलं पाणी परत माशांकडे येतं. तयार संच विकणारे भरपूर आहेत, पण त्यांच्या किमतीत एखादी जुनी दुचाकी येईल. खरं तर लागतं एवढंच : पाणी धरणारं भांडं, खडीचा वाफा आणि पाणी वर चढवणारा पंप. हे सगळं आपल्या गावच्या बाजारात मिळतं.

आधी पिंप. २०० लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप (कुणी बॅरल म्हणेल) भंगारवाल्याकडे मिळतंच. बेळगावात उद्यमबागेच्या आसपास, इंदूरला सांवेर रोडकडे, जिथे कारखाने तिथे पिंपं. आडवं ठेवून वरची बाजू कापली की माशांची टाकी झाली. उभं चिरलं की दोन वाफे. पण दर विचारण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : आत काय होतं? सरबत, व्हिनेगर, खाद्यतेल, ग्लुकोज असेल तर चालेल. कीटकनाशक, ॲसिड स्लरी, रंग, थिनर असेल तर फुकट दिलं तरी नको. वेर्णा किंवा नंदेसरीसारख्या औषध-रसायनांच्या वसाहतींजवळ माल ढिगाने आणि स्वस्त मिळतो, म्हणून तिथेच जास्त सावध राहायचं. मूळ लेबल शाबूत असलेलं पिंप घ्या. चौकोनी तिरकी धोक्याची चिठ्ठी दिसली, किंवा लेबल मुद्दाम खरवडलेलं दिसलं, तर पुढच्या दुकानात चला. "धुऊन दिलंय साहेब" यावर जाऊ नका. थोडं पाणी घालून जोरात हलवा. फेस टिकून राहिला तर आत साबणाचा अंश आहे, आणि साबण माशांचे कल्ले खराब करतो. तळाला त्रिकोणात २ आकडा म्हणजे एचडीपीई. पण तो प्लास्टिकची जात सांगतो, आधी आत काय होतं ते सांगत नाही.

लोखंडी जाळीतली हजार लिटरची पांढरी टाकी, म्हणजे आयबीसी, फार सोयीची. वरचा फूटभर भाग कापून उलटा ठेवला की तोच वाफा होतो. मात्र पांढऱ्या प्लास्टिकमधून ऊन आत जातं आणि शेवाळ माजतं, म्हणून बाहेरून काळा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा. गॅल्व्हनाइज्डची टब, तांब्याचं घंगाळ असलं काही वापरू नका. जस्त आणि तांबं माशांना विषारी. पिंपच मिळालं नाही तर विटांचा चौकोन रचून त्यात शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा अंथरा. शेततळी करणाऱ्यांकडे असे तुकडे पडून असतात. गोव्यात मासळी बाजारातले थर्माकोलचे खोके पालेभाजीच्या छोट्या वाफ्याला छान चालतात.

आता वजनाचं बघा, कारण इथे खेळ जिवाशी आहे. वापरत्या गच्चीसाठी आयएस ८७५ या मानकात साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर भार धरतात. पाणी मीटरभर खोल भरलं तर तेवढ्याच जागेवर १,००० किलो होतं. ओल्या खडीचा फूटभर वाफाही ५०० किलोच्या घरात जातो. म्हणजे हजार लिटरची टाकी गच्चीवर नाहीच, ती परसात, जमिनीवर. गच्चीवर करायचंच असेल तर खडी सोडा, पाईपमधली भाजी करा आणि माशांचं पिंप बीम-कॉलमच्या वर ठेवा. जुनी, लोडबेअरिंग भिंतींची इमारत असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

पंपाला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कूलरचा पंप. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादला उन्हाळ्यात तो पानाच्या टपरीइतका सहज मिळतो. पावसाळा लागला की दुकानदार उरलेला माल कमी दरात काढतात, तेव्हा घ्यावा. बेळगाव-गोव्याकडे कूलर कमी, तिथे मत्स्यालयाच्या दुकानात बघा. हैदराबादकरांना राणीगंज आहेच.

खोक्यावरचे आकडे नीट वाचा. "तासाला ११०० लिटर, उंची १.८ मीटर" याचा अर्थ दोन्ही एकाच वेळी मिळतील असा नाही. ११०० लिटर शून्य उंचीला मिळतात आणि १.८ मीटरला धार बंद पडते. १.२ मीटरवर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धरा. टाकीतलं पाणी तासातून एकदा फिरायला हवं, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला हा पंप पुरतो. वाफा जितका खाली, तितका पंप लहान. १८ वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला जवळपास १३ युनिट. टुल्लू पंप स्वस्तात मिळाला म्हणून लावू नका. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप दिवसाला नऊच्या आसपास युनिट खातो, आणि तो सतत चालण्यासाठी बनलेलाही नाही.

सिरॅमिक शाफ्ट आणि रेझिनने बंद केलेली कॉइल असेल तर पंप टिकतो. लोखंडी शाफ्ट गंजतो. पंप जाळीच्या डब्यात ठेवा, नाहीतर गाळ आणि पिल्लं दोन्ही आत ओढली जातात. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, आणि लाईनवर ३० मिलिअँपिअरचा अर्थ लिकेज ब्रेकर लावायचाच. पंपाच्या किमतीपेक्षा तो महाग पडेल, पडू दे.

लाईट जाण्याचं काय? पंप बंद पडला तर भाजीला काही तास फरक पडत नाही, पण दाटीने ठेवलेले मासे प्राणवायूविना तडफडतात, उकाड्यात तर लवकरच. मत्स्यालयाच्या दुकानात बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप मिळतो. दोन मोठे पंप घेण्यापेक्षा एक पाण्याचा आणि एक हा हवेचा घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्यावरच जोडा, वॅट कमी असल्याने बॅटरीवर फारसा ताण येत नाही.