अंगावरचं दूध, अंगावर काढलेलं दुखणं

आमच्या भांडुपच्या चाळीत बायका कशावरही बोलतात. पाणी, रेशन, सासू, गुडघे... पण स्तनाग्रातून दूध, पाणी किंवा रक्त आलं की तोंडाला कुलूप. दुखणं अंगावर काढायचं!

खरं तर दूध फक्त बाळंतिणीलाच येतं असं नाही. आईच्या संप्रेरकांमुळे तान्ह्या बाळाच्या, अगदी मुलग्याच्याही, छातीत ते उतरतं. न्हाऊ घालणाऱ्या बायका ते पिळून काढत आणि त्यानेच कधी पू व्हायचा. हात न लावता ते आपोआप थांबतं.

मूल नसताना दूध का येतं, हे कोडं १९२८ पासून सुटू लागलं. स्ट्रासबुर्गमध्ये स्ट्रिकर आणि ग्र्युटर यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने सशांना दूध आणलं. त्या संप्रेरकाचं पुढे नाव पडलं प्रोलॅक्टिन. पिट्युटरीवरची छोटी गाठ, मंदावलेलं थायरॉइड, डॉम्पेरिडॉनसारखी उलटीवरची औषधं यांनी ते वाढतं.

दोन्हीकडून, दाबल्यावरच येणारा दुधाळ किंवा हिरवट स्राव बहुधा साधा असतो. आपोआप, एकाच बाजूने, एकाच छिद्रातून पाण्यासारखा किंवा रक्ताळ आला, तर मात्र लगेच दाखवायचं. त्यातही बरेचदा दुधाच्या नळीतली साधी गाठ, पॅपिलोमा, निघते. पण कधी कर्करोगही निघतो.

आता परळची गोष्ट. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत मोठी पाहणी हाती घेतली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका. त्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हातांनी स्तनतपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर शिकवून तयार केलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकाच होत्या. मॅमोग्राफीचं महागडं यंत्र नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये 'बीएमजे'त आला. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्यांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही.

मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की कुणीतरी दारात येऊन विचारलं. आपल्यासारखीच साडी नेसलेल्या बाईने विचारलं, तर उत्तर द्यायला लाज कसली? तेव्हा मंडळी, घरातल्या आई, मावशी, वहिनीला आजच विचारा. उगाच कुजबुजत नको, सरळ विचारा.