किनेसिन-८

किनेसिन-८ हे सूक्ष्मनलिकांची लांबी नियंत्रित करणाऱ्या चालक प्रथिनांचे एक कुल आहे. पेशी विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे तर्कूच्या मध्यभागी नीट रांगेत येण्यात या प्रथिनांचा महत्त्वाचा वाटा असतो. यीस्टमधील किप३ आणि मानवातील किफ१८ए ही या कुलातील विशेष अभ्यासली गेलेली प्रथिने होत.

पार्श्वभूमी

सूक्ष्मनलिका ही सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी असून ती ट्युब्युलिन या प्रथिनाच्या द्विवारिकांपासून बनते. तिचे धन टोक काही काळ वाढते आणि मग अचानक आखडू लागते. या गुणधर्मास गतिक अस्थिरता म्हणतात. टिम मिचिसन व मार्क कर्श्नर यांनी १९८४ साली त्याचे वर्णन केले. विभाजनाच्या वेळी अशा नलिकांचा तर्कू तयार होतो व त्यांपैकी काहींची धन टोके गुणसूत्रांना जोडली जातात. त्यामुळे नलिकांची लांबी मर्यादेत राहणे आवश्यक असते.

कार्यपद्धती

किप३ चे रेणू नलिकेवर कोठेही बसतात आणि एटीपीच्या ऊर्जेवर धन टोकाकडे चालत जातात. वाटेत सुटून न पडता ते सरासरी दहा मायक्रोमीटरपेक्षा अधिक अंतर कापतात. टोकाशी पोहोचल्यावर ते तेथील द्विवारिके काढून टाकतात. नलिका जितकी लांब, तितकी रेणूंना बसण्यास जागा अधिक. परिणामी टोकाशी अधिक रेणू जमतात व ती अधिक वेगाने आखडते. आखूड नलिकेवर हाच परिणाम मंद होतो. अशा रीतीने लांबी मोजणारी वेगळी यंत्रणा नसतानाही लांबीचे नियमन होते. ड्रेस्डेन येथील माक्स प्लांक संस्थेतील जोनाथन हॉवर्ड यांच्या गटाने २००६ साली हे प्रयोगाने दाखविले. टोकावरील रेणू मागून येणाऱ्या रेणूच्या धक्क्याने सुटतो व जाताना एक-दोन द्विवारिके सोबत नेतो, असे याच गटाने २००९ मध्ये मांडले.

अभावाचे परिणाम

किप३ नसलेल्या यीस्ट पेशींत सूक्ष्मनलिका प्रमाणाबाहेर लांब होतात. मानवी पेशींत किफ१८ए हे मुख्यतः टोकांची वाढ-घट आवरते. ते कमी केल्यास गुणसूत्रे मागेपुढे अधिक हेलकावतात, मध्यभागी रांगेत येत नाहीत आणि तर्कू लांबतो.

वैद्यकीय महत्त्व

गुणसूत्रांची संख्या अस्थिर असलेल्या अनेक कर्करोग पेशी किफ१८ए वर विशेष अवलंबून असतात, तर बहुतेक सामान्य पेशी त्याच्या अभावीही विभाजन पूर्ण करू शकतात. या फरकामुळे किफ१८ए रोखणाऱ्या औषधांवर संशोधन सुरू आहे. टॅक्सॉलसारखी प्रचलित औषधे थेट सूक्ष्मनलिकांवरच कार्य करीत असल्याने चेतापेशींनाही इजा पोहोचवू शकतात.