आळशी डोळा : पट्टी, आरसे आणि ठोकळे

चौथीतल्या एखाद्या मुलाचा एक डोळा तळहाताने झाकावा आणि फळ्यावरचे वाचायला सांगावे. मग दुसरा झाकावा. शंभरात दोनतीन मुले अशी निघतात, की एका डोळ्याने ती घडाघडा वाचतात आणि दुसऱ्याने अडखळतात. त्या डोळ्याला योग्य नंबराचा चष्मा दिला तरी पुरेसे दिसत नाही, आणि डॉक्टरांनी आत पाहिले तर दोष सापडत नाही. मुलाला याचा पत्ता नसतो, कारण एका डोळ्यावर त्याचे सगळे नीट चाललेले असते. यालाच आपण ‘आळशी डोळा’ म्हणतो. वैद्यकातले नाव ॲम्ब्लिओपिया. बहुधा तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत फार फरक असल्यामुळे तो होतो.

गणिताच्या शिक्षकांना ‘ब्यूफाँची सुई’ माहीत असेल : रेघा आखलेल्या जमिनीवर सुया टाकून पायची किंमत काढण्याची युक्ती. त्याच ब्यूफाँ यांनी १७४३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तिरळेपणावर निबंध ठेवला. त्यांचे म्हणणे असे : दोन डोळ्यांची ताकद सारखी नसेल, तर दुबळ्या डोळ्याचे पुसट चित्र चांगल्या डोळ्याच्या चित्रात मिसळून घोटाळा करते. तो टाळण्यासाठी दुबळा डोळा बाजूला वळतो. म्हणून चांगला डोळा काही काळ झाकून ठेवावा, म्हणजे दुबळ्याला काम करावेच लागेल. आजही नेत्रतज्ज्ञ मुलांच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, ती याच विचाराने.

पट्टीने डोळा सुधारतो, यात शंका नाही. पण ती लावलेली असताना दोन्ही डोळे एकत्र काम करूच शकत नाहीत. शिवाय पट्टी लावून वर्गात बसणाऱ्या मुलाचे काय होते, हे आम्ही शिक्षकांना सांगायला नको. ज्या डोळ्याने दिसते तोच झाकलेला; फळा पुसट, आणि मधल्या सुट्टीत चिडवणारे चौघे.

दुसरा रस्ताही पॅरिसमध्येच निघाला. व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप लोकांपुढे आणला होता. आरशांच्या साहाय्याने दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली, की मेंदू ती जुळवून एकच उठावदार दृश्य पाहतो. एमिल झावाल हे शिक्षणाने खाण-अभियंता. पण वडील आणि बहीण तिरळ्या, म्हणून त्यांचे लक्ष डोळ्यांकडे वळले आणि ते वैद्यकात शिरले. प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवायचे आणि दोन्ही जुळवायला शिकवायचे, असे व्यायाम त्यांनी बसवले. उपचार महिनोन्‌महिने, कधी वर्षे चालत. १८९६ मध्ये त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. पुढे काचबिंदूने झावाल स्वतःच आंधळे झाले.

लंडनच्या क्लॉड वर्थ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कल्पनेचे दोन नळ्यांचे यंत्र केले. एका बाजूचा प्रकाश दुसरीपेक्षा वाढवता येई, म्हणजे मेंदू ज्या डोळ्याकडे दुर्लक्ष करतो त्याचे चित्र ठळक करता येई. ही बारीकशी सोय वाचकांनी लक्षात ठेवावी.

दोष डोळ्यात नसून मेंदूत आहे, हे प्रयोगाने दाखवले ह्यूबेल आणि वीझल यांनी. १९६३ मध्ये अमेरिकेत त्यांनी मांजराच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढल्यावर डोळा ठीक होता, पण मेंदूच्या दृष्टिविभागातल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दाद देईनात. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला, तर काहीच बिघडले नाही. आणखी दोन वर्षांनी त्यांनी पिल्लांचे दोन्ही डोळे बंद ठेवून पाहिले. नुकसान दुप्पट व्हायला हवे होते, प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा बरेच कमी झाले! म्हणजे नुसते न वापरल्याने हे होत नाही. दोन डोळ्यांत मेंदूतल्या जागेसाठी स्पर्धा असते आणि हरलेला डोळा बाहेर ढकलला जातो. १९८१ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या थोर कामाचा एक वाईट परिणामही झाला, असे आम्हाला वाटते. ‘ठरावीक वयातच’ हा अर्धा भाग सर्वांनी पाठ केला, आणि सातआठ वर्षांपुढच्या कितीतरी मुलांना ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवले गेले. अमेरिकेतल्या ५०७ मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, तेव्हा ७ ते १२ वयोगटात चष्म्याबरोबर पट्टी वगैरे उपचार घेणाऱ्यांपैकी ५३ टक्के मुलांना फायदा झालेला दिसला. नुसत्या चष्म्याने तो २५ टक्क्यांनाच झाला होता.

स्पर्धेचा अर्धा भाग पकडला कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रॉबर्ट हेस यांनी. टेट्रिस हा खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी रचला. त्याचा खिशात मावणारा अवतार नव्वदच्या दशकात जप्त केला नाही असा शिक्षक विरळा. हेस आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी तो असा बदलला, की पडणारे ठोकळे एकाच डोळ्याला दिसावेत आणि तळाशी साचलेले दुसऱ्याला. चांगल्या डोळ्याच्या चित्राचा उठाव मुद्दाम कमी ठेवला. दोन्ही डोळे जुळल्याशिवाय खेळता येईना. वर्थ यांचा दिवाच हा! २०१३ मध्ये १८ प्रौढांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज एक तास, दोन आठवडे. दोन्ही डोळ्यांनी खेळणारे नऊजण पट्टी लावून खेळणाऱ्या नऊजणांपेक्षा बरेच सुधारले.

वर्तमानपत्रांत मथळे आले. मग २०१६ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल लागले : ५ ते १२ वर्षांची ३८५ मुले, निम्म्यांना लाल-हिरवा चष्मा आणि रोज तासभर ठोकळ्यांचा खेळ, निम्म्यांना रोज दोन तास पट्टी. सोळा आठवड्यांनी खेळणारी मुले तक्त्यावर सरासरी १.०५ ओळी पुढे गेली, पट्टीवाली १.३५. खेळ पट्टीच्या तोडीचा आहे, असे म्हणता आले नाही. कारणाचा एक धागा नोंदींत सापडतो : सांगितलेल्या खेळापैकी तीनचतुर्थांशाहून अधिक खेळ पुरा करणारी मुले होती फक्त २२ टक्के. मुलांना व्हिडिओ गेम खेळा म्हणून विनवावे लागावे, हे आम्हालाही नवलाचे वाटले. पण रोज तेच ठोकळे, आणि तेही औषध म्हणून!

यानंतर संशोधकांनी खेळाचा हट्ट सोडला. इस्रायलमध्ये तयार झालेल्या एका यंत्रात मूल आवडीचे कार्यक्रम रंगीत चष्म्यातून पाहते. यंत्र त्याच्या नजरेचा माग घेते आणि चांगला डोळा जिथे रोखलेला असेल तेवढाच भाग त्या डोळ्यापुरता पुसट करते. १०३ मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सोळा आठवड्यांत यंत्रवाल्या मुलांची सुधारणा सरासरी २.८ ओळी, पट्टीवाल्यांची २.३.