हादगा आणि लोकोरोको : खेळगीताच्या जतनाचा प्रश्न

२००८ साली डॉ. सरोजिनी बाबर यांचे निधन झाले. सांगली जिल्ह्यातील बागणी हे त्यांचे गाव. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून त्यांनी बायकांच्या ओठांवरची असंख्य गाणी छापील पानावर आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन पोर्टेबल' या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी 'लोकोरोको २' हा जपानी खेळ बाजारात आला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवून पाहिल्या, की खेळगीत जतन करणे म्हणजे नेमके काय जतन करणे, हा प्रश्न उभा राहतो.

त्सुतोमू कोनो यांनी रचलेला पहिला 'लोकोरोको' २००६ मधला. त्याची युक्ती साधी आहे. खेळणारा पात्राला चालवत नाही; दोन बटणांनी तो जमीनच डावी-उजवीकडे कलवतो आणि गोल, गुबगुबीत जीव गाणी गात घरंगळत जातात. एक फळ खाल्ले की एक जीव वाढतो. एका टप्प्यात त्यांची संख्या वीसपर्यंत जाते. रंगागणिक आवाज वेगळा. दुसऱ्या भागाने हीच रीत पुढे नेली आणि काही ठिकाणी तालावर बटण दाबून गाण्याला साथ देण्याची सोय केली. त्यामुळे श्रोता काही अंशी गाणारा झाला.

आता हादगा पाहू. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात, त्याला सातारा-सांगलीकडे हादगा म्हणतात. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की मध्ये पाटावर हत्ती मांडून मुली फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत सोळाव्या दिवशी सोळा गाणी होतात. शेवटी खिरापत ओळखण्याची चढाओढ. म्हणजे रोजचा खेळ हा आदल्या दिवशीच्या खेळाचा पुढचा भागच असतो. जुने टाकायचे नाही, त्यात एकाची भर घालायची, हे त्याचे रचनातत्त्व आहे.

दोन्हीकडे अर्थाला न जुमानणारे शब्द आहेत. लोकोरोकोची गाणी तर कल्पित भाषेत आहेत. ती कोणत्याच देशाची नसल्यामुळे कोणत्याही देशातले मूल ती आपली मानू शकते. हादग्यातील निरर्थक शब्दांचे तसे नाही. ते यमकासाठी, फेराच्या पावलासाठी येतात; पण त्यांच्या आडून सासरचा जाच, माहेरची ओढ आणि सासू-नणंदेची थट्टा बोलून घेतली जाते. एरवी उंबऱ्याआत गप्प राहणाऱ्या मुलीला अर्थहीनतेने दिलेला तो आडोसा होता. म्हणून या शब्दांना 'नुसती पदपूर्ती' म्हणून बाजूला सारणारे विवेचन अपुरे ठरते.

प्रश्न जतनाचा होता. प्लेस्टेशन पोर्टेबलचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी २०१७ मध्ये 'लोकोरोको २' नव्या यंत्रासाठी पुन्हा काढला गेला, तेव्हा केवळ त्याची गाणी निघाली नाहीत. जमीन कलवण्याची क्रियाही त्यांच्याबरोबर आली. खेळ वगळून ती गाणी विकण्यात अर्थ नाही, हे व्यापाऱ्याला कळले. आपण मात्र हादग्याची गाणी अभ्यासक्रमात घेतो ती संहिता म्हणून. विद्यार्थी कल्पनाबंध सांगतात, स्त्रीजीवनाचे चित्रण दाखवतात, गुण मिळवतात. चाल आणि फेर वर्गाबाहेर राहतो.

याचा दोष सरोजिनीबाईंसारख्या संग्राहकांना देणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांनी शब्द वेचले नसते, तर आज वादालाही काही उरले नसते. छापील पानाला जे साधते, ते त्यांनी पुरेपूर साधले. उरलेले काम आपले आहे. यंत्रावरचा खेळ एकट्याला खेळता येतो. फेर धरायला मात्र दुसऱ्याचा हात लागतो. हस्त नक्षत्र लागते, तेव्हा आपली महाविद्यालये बहुधा सुरू असतात. त्या दिवसांत एक तास बाके भिंतीला लावून हे पाठ्य शिकवून पाहायला काय हरकत आहे?