नौकेचे इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिन
यांत्रिक पंपाचे जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की बहुधा विजेवाचून चालत राहते. इलेक्ट्रॉनिक इंजिनात डिझेल केव्हा व किती फवारायचे हे संगणकीय नियंत्रक ठरवतो. त्यामुळे इंधन वाचते, धूर घटतो; परंतु बॅटरी क्षीण झाली किंवा खाऱ्या हवेने तारांची जोडणी गंजली, तर ते बंद पडू शकते. १००० बारहून अधिक दाबाखालील इंजेक्टरांना डिझेलमधील पाणीही घातक ठरते. असे दोष भर समुद्रात पान्याने सुटत नाहीत. म्हणून मालीम, कुटबण येथील ट्रॉलरांनी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीतच जोडण्या, बॅटरी व जलविलगक गाळणी तपासून घ्यावी.