रंगीत दूरचित्रवाणीचा एक दावा

दावा जिंकणे आणि लोकांच्या घरी जागा मिळविणे या गोष्टी भिन्न आहेत, हे आम्हां वकिलांस डॉ. पीटर गोल्डमार्क यांच्या कार्यावरून उमजते. बुडापेस्ट येथे १९०६ साली जन्मलेले हे पदार्थविज्ञानवेत्ते व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९३६ मध्ये अमेरिकेतील सी. बी. एस. कंपनीत दाखल झाले. १९४० साली त्यांनी रंगीत दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक दाखविले. कॅमेऱ्यापुढे व ग्राहकयंत्रापुढे तांबड्या, हिरव्या व निळ्या पारदर्शक पट्ट्यांची चकती समान वेगाने फिरे. तिन्ही रंगांची चित्रे इतक्या त्वरेने एकामागून एक येत, की डोळाच त्यांचा मिलाफ करी.

१९५० साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने या पद्धतीस मान्यता दिली. प्रतिस्पर्धी आर. सी. ए. कंपनीने दाद मागितली. परंतु मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम केला. जूनमध्ये प्रक्षेपण सुरू झाले. मात्र घरोघरच्या एक कोटीहून अधिक जुन्या यंत्रांवर ते दिसतच नसे! कोरियन युद्धाचे कारण होऊन ऑक्टोबरात ते थांबले. डिसेंबर १९५३ मध्ये आयोगाने दुसरी पद्धत स्वीकारली. तिची रंगीत चित्रे जुन्या यंत्रांवरही कृष्णधवल रूपात उमटत.

गोल्डमार्क यांचे तत्त्व मात्र चुकीचे नव्हते. १९६९ साली अपोलो यानांतील रंगीत कॅमेऱ्यांत तशीच चकती फिरत होती. न्यायालय अधिकार ठरवू शकते. लोकांची सोय ठरवू शकत नाही. देवस्थानाच्या जीर्णोद्धारातही जुन्या भाविकाची वाट खुली राखावी लागते, ती याचसाठी.